प्रत्येक शब्दाला काम असते

पहिल्या वर्षाच्या तासाला मी विद्यार्थ्यांना बेअर अ‍ॅक्टखेरीज दुसरे पुस्तक बाकावर ठेवू देत नाही. बेअर अ‍ॅक्ट म्हणजे भाष्याशिवायचा कायद्याचा मूळ मजकूर. गाइड पिशवीत, मोबाइल पिशवीत, हायलायटरसुद्धा पिशवीत. समोर फक्त भारतीय न्याय संहिता, पेन्सिल आणि कोरा कागद. आमचे कॉलेज सकाळचे. साडेदहाला तास संपला की अकराला मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात उभी असते. वकिली करणाऱ्याला दिवसातले काही तास कायदा शिकवण्याची मुभा आहे आणि तासिका तत्त्वावरचे हे काम मी वकिलीइतकेच मनापासून करते. सांगोला, मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट अशा ठिकाणांहून पहाटेची एसटी पकडून आलेली मुले-मुली समोर असतात. कुणी बी.कॉम. करून आलेले, कुणी बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला, कुणी नोकरी सांभाळून. पहिल्या आठवड्यात एक प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, किती कलमं पाठ करायची?"

मी सांगते, एकही नाही. आधी वाचायला शिका.

हे ऐकून त्यांचा गोंधळ होतो. पंधरा-सोळा वर्षे शाळा-कॉलेजात काढलेल्या माणसाला वाचायला शिका म्हटले की काय वाटणार? पण आजवरचे त्यांचे वाचन आशय पकडण्याचे होते. परिच्छेदाचा मथितार्थ कळला की पुढे जायचे. कायद्याच्या मजकुराला हे चालत नाही. इथे मथितार्थ कळलेला माणूसच बहुधा फसतो, कारण मथितार्थात 'किंवा', 'आणि', 'परंतु', 'पेक्षा कमी' हे शब्द गळून जातात आणि पक्षकाराचे भवितव्य नेमके त्या शब्दांवर ठरलेले असते. इतकी वर्षे शिकवून माझ्या हाती एकच सूत्र राहिले आहे. कलमातल्या प्रत्येक शब्दाला विचारायचे, तू इथे कशासाठी? तुला काढले तर कोण सुटेल आणि कोण अडकेल?

सुरुवात मी चोरीच्या कलमाने करते. चोरी म्हणजे काय हे आपल्याला ठाऊकच आहे, असे प्रत्येकाला वाटते म्हणून. जुन्या दंड संहितेत ते ३७८ होते, न्याय संहितेत ३०३ आहे. व्याख्या एका वाक्याची. ते वाक्य मी कागदावर तोडायला लावते. तुकडे पडतात पाच : लबाडीने घेण्याचा हेतू, जंगम मालमत्ता, कुणाच्या तरी ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून आणि त्यासाठी वस्तू हलवणे. मग विचारते, "यात मालक कुठे आहे?" मुले पुन्हा कलम बघतात. मालक कुठेच नाही. बहुतेकांनी मनातल्या मनात 'मालकाच्या' असे वाचलेले असते. कायद्याने लिहिले आहे ताबा.

लगेच मी कलमाखालची उदाहरणे वाचून घेते. गाइडात ती गाळलेली असतात आणि विद्यार्थीही ती बालबोध समजून ओलांडतात. वास्तविक दंड संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या आयोगाने १८३७च्या मसुद्यापासूनच ही उदाहरणे जाणीवपूर्वक घातली होती, नियम प्रत्यक्षात कसा चालतो ते दाखवण्यासाठी. चोरीच्या कलमात एक घड्याळ आहे. एकाने आपले घड्याळ दुरुस्तीला दिले. दुरुस्तीचे पैसे द्यायचे राहिले म्हणून दुकानदाराने ते कायदेशीरपणे अडकवून ठेवले. त्या तारणापासून दुकानदाराला वंचित करण्याच्या हेतूने मालकाने ते उचलून नेले, तर ती चोरी आहे. स्वतःच्या घड्याळाची चोरी! वर्गात दरवेळी इथे वाद होतो आणि तो मी होऊ देते. कुणीतरी म्हणते, हा अन्याय आहे. दुसरा कलमाकडे बोट दाखवतो, ताबा दुकानदाराचा होता. तिसरी म्हणते, पण लबाडी कुठे आहे? मग 'लबाडीने' या शब्दाची व्याख्या शोधायला सगळे कलम २कडे वळतात. तिथून 'गैरलाभ' आणि 'गैरहानी' यांच्या व्याख्यांकडे. एका शब्दाचा पाठलाग करत तीन व्याख्या पार करून परत येणे हा त्यांचा पहिला खरा कायद्याचा प्रवास असतो.

आमच्याकडे उसाचे उदाहरण दिले की तुकडे पक्के बसतात. उभा ऊस जमिनीला जोडलेला आहे, तो जंगम नाही, म्हणून उभ्या उसाची चोरी होऊ शकत नाही. पण कोयता बसून तो जमिनीपासून सुटला त्या क्षणापासून होऊ शकते. कलमाखालच्या स्पष्टीकरणात हेच आहे आणि उदाहरणात झाड आहे. मुले म्हणतात, मॅडम, हे शब्दांचे खेळ झाले. त्यावर मी त्यांना के. एन. मेहरा यांचा १९५७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल देते. जोधपूरच्या हवाई दल अकादमीतला एक प्रशिक्षणार्थी १९५२मध्ये सोबत्याला घेऊन परवानगी नसलेल्या विमानातून उडाला आणि पाकिस्तानात उतरला. विमान कायमचे ठेवून घ्यायचे नव्हते, मग चोरी कशी, हा प्रश्न होता. न्यायालयाने कलमाचे शब्दच पुढे ठेवले. 'कायमचे' हा शब्द त्यांत नाही. तात्पुरती वंचना आणि तात्पुरता गैरवापरही पुरतो. शिक्षा कायम झाली. कलमात काय लिहिले आहे याइतकेच काय लिहिलेले नाही हेही वाचायचे असते, हे या निकालानंतर मला वेगळे सांगावे लागत नाही.

पुढच्या तासाला शिक्षेचे पोटकलम. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्याखाली न्याय संहितेने एक नवे परंतुक, म्हणजे 'परंतु'ने सुरू होणारा अपवाद, जोडले आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. हे परंतुक वाचून झाल्यावर मी पुस्तके मिटायला सांगते आणि विचारते, काय वाचले? निम्मा वर्ग सांगतो, "पाच हजारांच्या आतल्या चोरीला आता तुरुंग नाही." तीन अटींतली पहिली तेवढी लक्षात राहिली, दोन गळाल्या. गावात कुणी सल्ला विचारला असता तर हेच सांगितले गेले असते.

पुस्तके पुन्हा उघडतात. तीन अटी कागदावर एकाखाली एक लिहिल्या जातात आणि मग मी फौजदारी कार्यपद्धती सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची पहिली अनुसूची काढायला लावते. हा रकान्यांचा तक्ता सहसा कुणी वाचत नाही. तिथे चोरीच्या ओळीत मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असली तर गुन्हा अदखलपात्र धरला आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. चार हजार आठशेचा मोबाइल गेलेल्या माणसाला ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, मिळते आणि पाच हजार दोनशेचा गेलेल्याला गुन्ह्याची नोंद. एकाच चोरीचा अर्थ लावायला दोन कायदे, एक परंतुक आणि एक अनुसूची लागली. कलम एकटे वाचायचे नसते, हे मुलांना या आकड्यांनी पटते.

१ जुलै २०२४ला नवे तीन कायदे अमलात आले, तेव्हा बार रूममध्ये माझ्या पिढीच्या वकिलांची मोठी तारांबळ उडाली. ५११ कलमांची संहिता जाऊन ३५८ कलमांची आली. खून म्हणजे ३०२ हे सिनेमा पाहणाऱ्यालाही माहीत होते. न्याय संहितेत खुनाची शिक्षा १०३मध्ये आहे आणि ३०२ झाले आहे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोललेल्या शब्दांचे कलम. फसवणुकीचे ४२० आता ३१८मध्ये सापडते. नवे कायदे येण्याआधीच्या तारखेचे गुन्हे जुन्याच संहितेखाली चालत असल्यामुळे दोन्ही जवळ बाळगावी लागतात. त्या दिवसांत मला माझ्या शिकवण्याचा सर्वांत ठोस पुरावा मिळाला. ज्यांनी आकडे पाठ केले होते त्यांना सारे पुन्हा करावे लागले. ज्या विद्यार्थ्यांना वाक्य तोडायची सवय होती, त्यांनी जुने आणि नवे कलम शेजारी ठेवले, कोणता शब्द आला, कोणता गेला ते पेन्सिलीने टिपले आणि आठवड्याभरात ते कामाला लागले.

कलमाचे वाचन बसले की निकालपत्र. तिथे अडचण निराळी असते. कलम आखूड आणि घट्ट, तर निकालपत्र लांब आणि अनेक आवाजांचे. विद्यार्थी पहिल्यांदा हेडनोट वाचतात आणि तिथेच थांबतात. हेडनोट हे न्यायाधीशाने दिलेल्या निर्णयाचा भाग नसते, निकालसंग्रहाच्या संपादकांनी वाचकाच्या सोयीसाठी केलेला तो गोषवारा असतो. आपल्या नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे जाड खंड ज्या पिढ्यांनी वापरले, त्यांच्याही हाती आधी हेडनोटच लागायचे, पण त्यावरून परिच्छेद गाठायचा आणि तो मुळातून वाचायचा ही शिस्त होती. आता सर्वोच्च न्यायालयाचे निकाल न्यायालयाच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात. कागद मिळणे सोपे झाले, वाचणे तेवढेच अवघड राहिले.

निकाल वाचताना मी समासात अक्षरे घालायला लावते. घटना सांगितली असेल तिथे 'घ', अपिलार्थीचे म्हणणे तिथे 'अ', समोरच्या पक्षाचे तिथे 'प', न्यायालय स्वतः बोलू लागले की 'न्या'. काम कंटाळवाणे वाटते, पण याची गरज मला मूट कोर्टमध्ये, म्हणजे सरावाच्या न्यायालयात, सतत दिसते. एक विद्यार्थी फार आत्मविश्वासाने एक उतारा वाचून दाखवतो आणि तो उतारा न्यायालयाने पुढच्याच पानावर फेटाळलेल्या युक्तिवादाचा असतो. न्यायाधीश हरलेल्या पक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे, जोरकसपणे मांडतात. ते निकालाचे सौंदर्य आहे, आणि घाईने वाचणाऱ्यासाठी धोकाही. समासात 'न्या' पडला की मग पुढचा प्रश्न. न्यायालयाने इथे जे म्हटले ते निर्णयाला आवश्यक होते की ओघात आले? राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. पण बंधनकारक काय, ते आधी शोधावे लागते. राज्यघटनेच्या पायाभूत चौकटीचा सिद्धांत देणाऱ्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीश, ११ स्वतंत्र निकालपत्रे, ७ विरुद्ध ६ असा कौल. बहुमताचे मत म्हणून काढलेल्या गोषवाऱ्यावर १३ पैकी ९ जणांच्या सह्या. हा सिद्धांत असा हेडनोटमधून उचलता येत नाही. प्रत्येक न्यायाधीश कुठवर दुसऱ्याबरोबर चालला आणि कुठे थांबला, हे पाहावे लागते.

नानावटी खटला मी मुद्दाम घेते, कारण त्यावर बेतलेला 'रुस्तम' सिनेमा पाहिलेल्या मुलांना तो माहीत असतो. १९६१चे निकालपत्र उघडले की ती गोंधळतात. पहिली कितीतरी पाने ज्युरीने दिलेला कौल सत्र न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाकडे पाठवल्यावर उच्च न्यायालयाचे अधिकार काय, यावर खर्ची पडलेली. "मॅडम, स्टोरी कुठाय?" मी म्हणते, न्यायालयापुढचा पहिला प्रश्न काय होता ते सांगा, म्हणजे स्टोरी कुठे येणार ते कळेल. मग आपण 'गंभीर आणि अचानक प्रक्षोभ' या अपवादाशी येतो. नौदलाचा अधिकारी दुपारी दीडच्या सुमारास घरून निघाला, पत्नी आणि मुलांना सिनेमागृहाशी सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे घेतली, पत्नीने ज्याच्याशी संबंध असल्याची कबुली दिली होती त्या आहुजाच्या ऑफिसात गेला, तिथून त्याच्या फ्लॅटवर. खून चार वीसला. मुले हा घटनाक्रम फळ्यावर तासांनिशी लिहितात. 'अचानक' या शब्दासमोर जवळजवळ तीन तास उभे राहतात आणि निकाल काय लागला असेल हे त्यांना शेवटचे पान उलटण्याआधी कळते. घटनेतला कुठला तपशील कलमातल्या कुठल्या शब्दाला जाऊन भिडतो, ते शोधणे म्हणजेच निकाल वाचणे.

माझा सर्वांत लाडका निकाल मात्र विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य, १९५८. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो लिहिला. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांचे इंग्रजी इतके स्वच्छ, वाक्ये इतकी छोटी, की मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आयुष्यातले पहिले संपूर्ण निकालपत्र म्हणून मी हेच देते. पोटात भाल्याचा एकच वार, जखमी दुसऱ्या दिवशी मेला. प्रश्न खुनाच्या व्याख्येतल्या तिसऱ्या प्रकाराचा. न्याय संहितेत तो १०१च्या खंड (ग)मध्ये आहे. शारीरिक इजा करण्याच्या हेतूने कृत्य केलेले असेल आणि जी इजा करण्याचा हेतू होता ती नेहमीच्या क्रमाने मृत्यू घडवण्यास पुरेशी असेल, तर तो खून. आरोपीतर्फे म्हणणे असे की, मृत्यू घडवण्याइतकी जखम करण्याचाच हेतू सिद्ध झाला पाहिजे. बोस यांनी वाक्य 'आणि'पाशी दुभागले. पहिल्या भागात आरोपीच्या मनाचा शोध : हीच जखम करायची होती का? चुकून, दुसरीकडे नेम धरताना लागली का? दुसऱ्या भागात मनाचा संबंध नाही. जखम मृत्यूस पुरेशी होती का, हे वैद्यकीय पुराव्यावर वस्तुनिष्ठपणे ठरेल.

फळ्यावर ते वाक्य लिहून 'आणि'च्या पुढे मी उभी रेघ मारते. रेघेच्या डावीकडे हेतू, उजवीकडे डॉक्टर. अशा रेघेवर माणसाचे काय काय अवलंबून असते, ते मी सत्र न्यायालयात पाहिलेले आहे. खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप. सदोष मनुष्यवधाला शिक्षा पाच वर्षांवरही येऊ शकते. एकच वार, एकच मयत, एकच साक्षीदार. फरक पडतो तो हे वाक्य कुणी कसे वाचले यावर.

फौजदारी कायद्यात मुलांचे मन लगेच लागते, पण माझ्या भागातल्या माणसांची आयुष्ये जास्त करून दिवाणी कागदांवर बेतलेली असतात. म्हणून मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, यातले कलम ५८चा खंड (ग) मी सावकाश घेते. शर्तीच्या विक्रीने केलेले गहाण. आपल्याकडे त्याला मुदत खरेदी म्हणतात आणि खेड्यातल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही. मुलीचे लग्न, विहीर, दवाखाना, कशासाठी तरी पैसे लागले. जमिनीचे खरेदीखत करून दिले. ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत. १९२९मध्ये या खंडाला परंतुक जोडले गेले. परत करण्याची शर्त ज्या दस्ताने विक्री झाली त्याच दस्तात नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही.

एका वृद्ध शेतकऱ्याचे कागद माझ्यापुढे आले होते. खरेदीखत वेगळे, जमीन परत देण्याचा करार दुसऱ्या मुद्रांकावर, दोन्ही एकाच दिवशी केलेले. त्यांच्या मते ते गहाण होते, गावाच्या मते गहाण होते, घेणाऱ्यालाही ते मनातून माहीत होते. "वकीलबाई, जमीन मी विकलीच न्हाई," ते पुन्हापुन्हा सांगत होते. पण शर्त दुसऱ्या कागदावर होती. गहाण असते तर सोडवण्याचा दावा आणायला मुदत कायद्याने तीस वर्षे दिली असती. गहाण नाही, तर उरतो कराराच्या विशिष्ट पूर्ततेचा दावा आणि त्याला मुदत तीन वर्षे. ती केव्हाच उलटली होती. एक कागद की दोन, यावर तीस आणि तीन यांतला फरक पडला. त्या दिवशी मी परंतुकावर थांबले असते तर त्यांना परत पाठवावे लागले असते. पण व्यवहार विनापरवाना सावकारीतला असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याच्या कलम १८खाली जिल्हा निबंधकाकडे जमीन परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. वेगळ्या कायद्यातले वेगळे दार. ते दार माहीत असायला तो कायदाही कुणीतरी कलमागणिक वाचलेला असावा लागतो. आम्ही तो अर्ज केला.

वर्गात हे परंतुक शिकवताना आणखी एक गोष्ट करून घेते. विचारते, शर्त त्याच दस्तात असेल तर तो व्यवहार गहाण ठरेलच ना? जवळजवळ सगळे हो म्हणतात. परंतुक तसे म्हणत नाही. वेगळ्या दस्तात असेल तर गहाण नाही, एवढेच ते म्हणते. त्याच दस्तात असेल तर गहाण असूही शकेल, नसूही शकेल. दस्त वाचून पक्षांचा इरादा ठरवावा लागेल. चुनचुन झा विरुद्ध इबादत अली या १९५४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे आणि तोही बोस यांनीच लिहिला आहे. 'अ नसेल तर ब नाही' यावरून 'अ असेल तर ब आहेच' असा उलटा अर्थ काढणे, ही कायदा वाचणाऱ्याची सर्वांत मोहक चूक. तर्कशास्त्राच्या पुस्तकापेक्षा सातबाऱ्यावरचे नाव जाताना पाहिले की ती जास्त चांगली कळते.

आता भाषेविषयी, कारण माझ्या विद्यार्थ्यांच्या मनात हा सल सर्वांत खोल असतो. तालुका आणि जिल्हा न्यायालयात मराठी चालते. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज अनुच्छेद ३४८मुळे इंग्रजीत. २०२५च्या ऑगस्टपासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, अंतर कमी झाले, भाषेची पायरी तेवढीच उंच राहिली. काही निकालांची मराठी भाषांतरे आता मिळतात, पण ती पक्षकाराला समजण्यापुरती. प्रमाण मूळ इंग्रजीच. म्हणून मराठी माध्यमातली मुले गाइडाच्या आश्रयाला जातात. मी त्यांना गाइडाऐवजी एक रीत देते. इंग्रजी कलम मोठ्याने वाचायचे. क्रियापद शोधायचे. कोण, काय, कुणाला, कोणत्या अटीवर, हे आपल्या मराठीत छोट्या वाक्यांत लिहायचे. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश. मग आपली मराठी वाक्ये घेऊन परत इंग्रजी कलमाकडे जायचे आणि एकेक शब्दावर खूण करत विचारायचे, हा माझ्या मराठीत आला का? न आलेला शब्दच बहुतेक वेळा महत्त्वाचा निघतो.

या रीतीने शिकलेली सांगोल्याकडची एक विद्यार्थिनी आठवते. विषय होता गुन्ह्याची नोंद. ललिता कुमारी खटल्यात २०१३मध्ये घटनापीठाने सांगितले की, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी तो नोंदवलाच पाहिजे. प्राथमिक चौकशी ठरावीक प्रकारांतच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३)ने तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली. मी वर्गाला विचारले, मालमत्ता द्यायला लावणारी फसवणूक, ३१८(४), यात बसते का? इंग्रजी झरझर वाचणाऱ्यांनी लगेच हो म्हटले. ती कागदाकडे पाहत उशिरा बोलली, "मॅडम, त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. कलम म्हणतं सातपेक्षा कमी. मग नाही बसत." वर्ग पुन्हा पुस्तकात डोके घालून बसला. तिचे इंग्रजी अजूनही अडखळते. पण 'पेक्षा कमी' हे शब्द तिच्या कागदावर आले होते, कारण प्रत्येक शब्दाला जागा दिल्याशिवाय पुढे जायचे नाही, अशी तिची सवय झाली होती. ज्याला भाषा सहज येते त्याचे डोळे घसरतात. ज्याला ती कमवावी लागते तो थांबत जातो. कायद्याला थांबणारा वाचक हवा असतो. म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांना मी मनापासून सांगते, तुम्ही मागे नाही आहात.

अलीकडे मोबाइलवर निकालाचा सारांश काही सेकंदांत तयार होतो आणि मुले तो घेऊन येतात. सारांश आधी वाचायला मी मनाई करत नाही, पण त्यावर भिस्त ठेवून न्यायालयात उभे राहू देत नाही. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी असे यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. मला त्यातली दंडाची गोष्ट फारशी महत्त्वाची वाटत नाही. त्या पक्षकाराची वाटते. त्याचा कागद त्याच्या बाजूने उभे राहिलेल्या माणसानेच वाचलेला नव्हता.

आणि म्हणून परीक्षेविषयी बोलल्याशिवाय मला थांबता येत नाही. 'चोरीची व्याख्या सांगून तिचे घटक स्पष्ट करा' असा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे विचारतो. त्याचे उत्तर पाठ करून लिहिता येते, कलम न वाचताही. वकिलीसाठी द्यायच्या अखिल भारतीय बार परीक्षेत मात्र टिपा नसलेला बेअर अ‍ॅक्ट जवळ ठेवू देतात. जी गोष्ट वकिलाच्या हातात दिली जाते ती विद्यार्थ्याच्या हातातून आम्ही काढून घेतो, हे उलटे आहे. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वर्षी एक पेपर असा हवा, ज्यात बेअर अ‍ॅक्ट समोर असेल, कधी न शिकवलेले एक कलम असेल, चार ओळींची एका माणसाची हकिकत असेल आणि प्रश्न एकच : या माणसाला काय सांगाल, आणि कलमातल्या कोणत्या शब्दांच्या आधारे? उत्तर मराठीत असो वा इंग्रजीत. अशा पेपरासाठी गाइड छापता येणार नाही आणि त्यातून बाहेर पडलेला वकील कुठलाही नवा कायदा आला तरी घाबरणार नाही. माझ्या वर्गात अंतर्गत गुणांपुरता हा पेपर मी घेतेच आहे. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढेही तो ठेवला आहे आणि मंजूर होईपर्यंत ठेवत राहणार आहे.